‘दोन मिनिटं आहेत का?’ : मोडलेल्या तंद्रीचा हिशेब

अर्धविराम | सोमवार, सकाळी ११:४०

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या सिस्टीममध्ये एकच काम कधीकधी दोनदा उरकलं जात होतं. रोज नाही, क्वचित. ज्यांनी असले बग शोधलेत त्यांना माहीत आहे की ते नुसते लॉग चाळून सापडत नाहीत, डोक्यात घडवून बघावे लागतात. दोन वर्कर (रांगेतलं काम उचलणारे प्रोग्राम), एक रांग, एक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), एक ट्रॅन्झॅक्शन (एकगठ्ठा होणारे बदल). पहिला लॉक घेतो, नोंद वाचतो, स्थिती बदलतो. त्या क्षणी दुसरा नेमका कुठे उभा असतो? सकाळपासून मी हे दोन भिडू डोक्यात शेजारी-शेजारी पळवत होतो. तासाभराने चित्र जुळायला लागलं. लॉक सुटतो ती ओळ आणि कमिट होतो, म्हणजे बदल पक्का नोंदला जातो, ती ओळ, यांच्यात काहीतरी खटकलं. शब्दांत आलं नव्हतं अजून, नुसतं खटकलं होतं.

आणि खांद्यामागून आवाज आला, "दोन मिनिटं आहेत का?"

टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड बदललाय का, एवढाच प्रश्न होता. मी "नाही" म्हटलं, तो "बरं" म्हणून गेला. सगळं मिळून दहा सेकंद. माणूस अत्यंत सज्जन आहे, त्याच्यावर राग नाही.

पुन्हा स्क्रीनकडे वळलो. फाइल तीच, कर्सर तिथेच लुकलुकतोय. आणि डोकं रिकामं. काहीतरी खटकलं होतं हे आठवतंय, काय खटकलं ते नाही. स्वप्नातून जागं झाल्यावर होतं तसं: ओढायला गेलं की आणखी विरतं. पुन्हा वरून वाचायला घेतलं, तोवर स्टँडअपची (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगची) वेळ झाली, मग आणखी काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. लॉक कमिटच्या आधी सुटत होता, आणि मधल्या फटीत दुसरा वर्कर जुनीच स्थिती वाचत होता. दोन ओळींची अदलाबदल, संपलं काम.

आता याचा हिशेब कसा मांडायचा? दहा सेकंद म्हणायचे की एक दिवस? टाइमशीटवर तर काहीच दिसत नाही.

माझं म्हणणं असं की प्रोग्रामरचं खरं काम फाइलीत नसतं. फाइलीत उतरतो तो निकाल. काम डोक्यात उभं असतं, पत्त्यांच्या बंगल्यासारखं, आणि तिथे जागा फार थोडी असते. एका वेळी डोक्यात किती गोष्टी मावतात याचा, मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सात, दोन इकडे-तिकडे, असा आकडा दिला होता. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो साधारण चारवर आणला. चार गोष्टी! माझ्या बगातच वर्कर दोन, लॉक एक, ट्रॅन्झॅक्शन एक. जागा भरली. पाचवी गोष्ट "पासवर्ड बदललाय का" ही आली की कोणाला तरी उठावंच लागणार.

ख्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर यांनी ८६ प्रोग्रामरांच्या कामाच्या १०,००० नोंदवलेल्या सत्रांचा अभ्यास केला होता. परतल्यावर एका मिनिटाच्या आत कोड लिहायला सुरुवात झाली अशी सत्रं फक्त १० टक्के. बहुतेक वेळा माणूस आधी इतर फाइली उघडून, इकडे-तिकडे फिरून, ‘मी कुठे होतो’ हे शोधतो. म्हणजे मीच एकटा बावळट नाही.

एकदा अडवलं की पुन्हा कामात शिरायला २३ मिनिटं लागतात, ही गोष्ट तर तुम्ही सगळ्यांनी ऐकलीच असेल. तुम्ही काय करता? हेडफोन सोडून काहीतरी सांगा. हेडफोन मी लावतो, लोक खांद्यावर टकटक करतात.

---

मधलीसुट्टी | सोमवार, दुपारी १२:०५

रुमाल टाकून ठेवते, संध्याकाळी सविस्तर लिहीन. (हा प्रतिसाद मीटिंगमध्ये बसून टंकतेय. धाग्याला साजेसंच.)

---

खवचटराव | सोमवार, दुपारी १२:५०

अनुभव पटला. पत्त्यांचा बंगलाही पटला. पण ते २३ मिनिटं प्रकरण जरा बाजूला ठेवा हो.

हा आकडा व्यत्ययांवर संशोधन करणाऱ्या ग्लोरिया मार्क यांच्या नावावर फिरतो, आणि लोक जोडीला त्यांचा २००८ चा शोधनिबंध देतात. तो उघडून बघा. त्यात चक्क असं आहे की व्यत्यय आलेल्या लोकांनी काम लवकर संपवलं! हो, लवकर. प्रयोगात मंडळी मेलला उत्तरं देत होती, मधेमधे त्यांना अडवलं जात होतं. त्यांनी वेग वाढवून आणि कमी शब्दांत लिहून वेळ भरून काढला. किंमत वेगळ्या खिशातून गेली: ताण, वैताग, घाई, दमणूक. २३ मिनिटं मार्कबाईंनी मुलाखतीत सांगितली होती, त्या निबंधात नाहीत.

त्याआधी २००५ मध्ये त्यांच्या गटाने २४ जणांच्या मागे प्रत्यक्ष ऑफिसात बसून निरीक्षण केलं. तिथे मोडलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २५ मिनिटं लागली. पण त्या २५ मिनिटांत माणूस डोकं धरून बसलेला नव्हता, सरासरी दोनाहून जास्त दुसरी कामं करत होता. ‘परत यायला लागलेला वेळ’ आणि ‘सावरायला लागलेला वेळ’ यांत फरक आहे. आपण सुतावरून स्वर्ग गाठला, आणि आता प्रत्येक जण बॉसला सांगतो की तुम्ही "हाय" म्हटलंत, माझी २३ मिनिटं गेली. दिवसात अशा वीस हाका आल्या तर माणूस ऑफिसची वेळ संपल्यावरच कामाला लागेल!

शिवाय मेल लिहिणं वेगळं, रेस कंडिशन (तुमच्या दोन वर्करांसारखा, कोण आधी पोचतं यावर ठरणारा बग) शोधणं वेगळं. तुमच्या दहा सेकंदांनी एक दिवस घेतला हे खरंच असेल, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉन्फिगमधला पोर्ट बदलत असता तर त्याच दहा सेकंदांनी काहीही गेलं नसतं. सरासरी काढण्यासारखी ही गोष्टच नाही.

---

अर्धविराम | सोमवार, दुपारी १:१०

खवचटराव, मान्य. आकडा मागे घेतो. (मूळ लेखात खोडत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद लटकत राहील.)

---

दोन्हीकडून | सोमवार, दुपारी ३:३०

मी तो खांद्यामागचा आवाज. म्हणजे तुमच्या ऑफिसातला नव्हे, जातीने तोच. आठ वर्षं कोड लिहिला, आता टीम सांभाळतो. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

प्रोग्रामर नेहमी मोडलेल्या तंद्रीचा हिशेब मांडतात. न विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब कोण मांडणार? आमच्याकडे एक मुलगा तीन दिवस एका एपीआयशी (दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या ठरलेल्या वाटेशी) झुंजत होता. तो एपीआय महिन्यापूर्वीच बाद झालेला, शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना माहीत होतं. पण बाईंच्या कानाला हेडफोन आणि चेहऱ्यावर ‘खबरदार’. तीन दिवस! तुमचा एक दिवस गेला त्याचा लेख झाला, त्याच्या तीन दिवसांचा साधा उल्लेखही कुठे नाही.

पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये मांडलेला फरक मात्र मला या खुर्चीत बसल्यावर कळला. मॅनेजरचा दिवस तासातासाच्या खणांचा असतो, घडवणाऱ्याचा अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा. मी साडेदहाला ‘छोटीशी’ मीटिंग ठेवली तर माझा एक खण जातो, त्याची अख्खी सकाळ दुभंगते. साडेदहाला उठायचंच आहे म्हणून तो दहापासून अवघड काही हातातच घेत नाही. हे मला डेव्हलपर असताना ठाऊक होतं आणि मॅनेजर झाल्यावर सहा महिन्यांत विसरलो. खुर्चीचा गुण.

उपाय म्हणून आम्ही ‘शांत सकाळ’ केली: बारापर्यंत कोणी कोणाला हाक मारायची नाही. दोन महिने झकास चाललं. मग एक रिलीज अडकली, त्या आठवड्यापुरता नियम शिथिल केला, आणि ये रे माझ्या मागल्या.

नंतर वाचलं की लेस्ली पर्लो यांनी १९९० च्या दशकात एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर जवळजवळ हाच प्रयोग केला होता. आठवड्यातले तीन दिवस, दुपारी बारापर्यंत कोणी कोणाला अडवायचं नाही. त्यांचा निबंध १९९९ चा. प्रयोग चालू असताना लोकांना फायदा जाणवला, आणि तो संपल्यावर मंडळी जुन्या वळणावर गेली. कारण त्यांनी दिलंय ते मला झोंबलं: त्या ऑफिसात कौतुक व्हायचं ते आग विझवणाऱ्याचं. शांतपणे काम करून आग लागूच न देणाऱ्याकडे कोणाचं लक्षही जायचं नाही. मग लोक आगीकडेच धावणार. आमच्याकडेही शिथिल केलेल्या त्याच आठवड्यात ज्याने रात्री जागून रिलीज बाहेर काढली त्याला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

---

नवशिकी | सोमवार, संध्याकाळी ५:१५

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, सांभाळून घ्या. नोकरीला आठ महिने झालेत.

तो तीन दिवस झुंजणारा मुलगा मीच असू शकते. विचारायचं असतं, पण समोरच्याचा चेहरा बघून परत फिरते. चॅटवर "हाय सर" लिहून ठेवते आणि उत्तराची वाट बघते. उत्तर येतं "बोल". तोवर मी दुसऱ्या कामात. मग मी प्रश्न लिहिते, तोवर ते दुसऱ्या कामात. एका प्रश्नाला अर्धा दिवस, आणि दोघांचीही तंद्री दोनदा मोडलेली.

दोन्हीकडून सर, तुमच्या टीममध्ये नव्या लोकांनी कधी विचारायचं असतं, हे कोणी सांगितलंय का? आम्हाला "बिनधास्त विचार गं" एवढंच सांगतात. आणि विचारलं की उसासा ऐकू येतो.

---

खवचटराव | सोमवार, संध्याकाळी ५:३२

नवशिकी, एक सांगू का? ते नुसतं "हाय सर" बंद कर. नमस्कार, प्रश्न, काय करून पाहिलं, कुठे अडलं, कधीपर्यंत उत्तर हवं, सगळं एकाच निरोपात. समोरचा त्याच्या सवडीने वाचेल आणि एका फटक्यात उत्तर देईल. नुसतं "हाय" म्हणजे दार वाजवून भिंतीआड उभं राहणं.

आणि उसाशाकडे दुर्लक्ष कर. तो बहुतेक वेळा तुझ्यासाठी नसतो, कोसळलेल्या बंगल्यासाठी असतो.

---

दोन्हीकडून | सोमवार, संध्याकाळी ५:५०

नवशिकी, नाही सांगितलेलं. उद्या सांगतो. अर्धा तास स्वतः झगडायचं, मग निरोप लिहायचा, आणि तासाभरात उत्तर आलं नाही तर थेट येऊन उभं राहायचं. चालेल?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:२०

तुम्ही लोक नशीबवान, तुम्हाला माणसं अडवतात. मला यंत्रं अडवतात, आणि यंत्राला उसासा ऐकू येत नाही.

सर्व्हर सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे व्यत्यय हीच नोकरी. मला मोडलेल्या तंद्रीपेक्षा मोडलेल्या क्रमाची भीती जास्त वाटते. एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक प्रयोग आहे. ठरावीक क्रमाने पायऱ्या करायच्या होत्या आणि मधे अगदी छोटा अडथळा. अडथळा सरासरी २.८ सेकंदांचा, तर क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट. ४.४ सेकंदांचा, तर तिप्पट. तीन सेकंदांत काय होतं? फोनची स्क्रीन उजळली, बघितली, ठेवली. एवढंच.

माझं सांगतो. डेटाबेसची सूत्रं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायची होती. अकरा पायऱ्या, कागदावर लिहिलेल्या. सातवी झाली आणि कोणीतरी विचारलं, "अजून किती वेळ?" "पाच मिनिटं," म्हणालो आणि नववी पायरी टाइप केली. आठवी होती ‘जुना सर्व्हर फक्त वाचनापुरता कर’. काही मिनिटं दोन्ही सर्व्हर नोंदी घेत होते. त्या नोंदी जुळवताना पहाट झाली. तेव्हापासून प्रत्येक पायरीवर पेनाने फुली मारतो, आणि मोठं स्थलांतर असलं की शेजारी एक माणूस फक्त लोकांना उत्तरं द्यायला बसतो. त्याचं काम एकच: "अजून किती वेळ?" झेलणं.

प्रोग्रामर मंडळींना हेच सुचवेन. आमच्याकडे आठवड्याला एक जण ‘दारावर’ असतो. बाहेरचे सगळे प्रश्न, अलर्ट, "जरा बघता का" त्याच्याकडे. त्या आठवड्यात त्याने स्वतःचं मोठं काम घ्यायचंच नाही, आणि न झालेल्या कामाबद्दल त्याला कोणी विचारायचं नाही. दुसरी अट पाळली जात नाही तिथे ही पद्धत महिन्याभरात मरते. बाकीच्यांना शांतता, त्याला कंटाळा, पण कंटाळा फिरता आहे.

---

चाचणीवाली | मंगळवार, सकाळी ९:४५

सगळं वाचलं. फार वाईट वाटलं हो तुमच्याबद्दल.

आता आमचं ऐका. मी एक बग पुन्हा घडवून आणत असते. चौदा पायऱ्या, दोन खाती, एक ब्राउझर खासगी खिडकीत, एक मोबाइल विमान मोडमध्ये. बाराव्या पायरीवर असताना डेव्हलपर येतो आणि म्हणतो, "आता बघ बरं, केलंय फिक्स." माझ्या टेस्ट सर्व्हरवर, मला न विचारता, नवा बिल्ड (कोडपासून तयार केलेली नवी आवृत्ती) चढवून! बंगला कसला, आख्खा प्लॉटच नेला.

---

अर्धविराम | मंगळवार, सकाळी १०:०२

चाचणीवाली, हे मी केलेलं आहे. एकदा नाही.

---

मधलीसुट्टी | मंगळवार, दुपारी २:१५

काल संध्याकाळ म्हणाले होते, उगवले आज.

मी साडेतीन वर्षं घरून काम करतेय. खांद्यामागचा आवाज गेला, हे खरं. पण व्यत्यय गेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले. आता तो लाल ठिपका होऊन येतो. खांद्यामागच्या माणसाला निदान माझी पाठ तरी दिसायची. चॅटवाल्याला दिसतो हिरवा ठिपका, आणि हिरव्याचा अर्थ ‘रिकामी आहे’ असा लावला जातो.

यावर झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी एबीबी कंपनीत एक गमतीदार प्रयोग केला होता, निबंध २०१७ चा. टेबलावर सिग्नलसारखा छोटा दिवा. कीबोर्ड-माउसच्या हालचालीवरून तो स्वतःच ठरवणार की बाई आता कामात गढलेल्या आहेत, लाल. किंवा मोकळ्या आहेत, हिरवा. १२ देशांतल्या ४४९ लोकांनी वापरला, आणि व्यत्यय ४६ टक्क्यांनी कमी झाले. मला त्यातली खरी करामत दिव्याची वाटत नाही. ‘आता नको’ हे माणसाला तोंडाने म्हणावं लागलं नाही, यात ती आहे. मी स्वतः बोलले असते तर शिष्ट ठरले असते. दिव्याला शिष्ट कोण म्हणणार?

पण खरी कबुली पुढे. घरी मला कोणीच अडवत नाही अशा दिवशीही मी ढीगभर वेळा अडते. बिल्ड लागायला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत काय करू? सहज एक टॅब उघडते. परत येते तेव्हा बिल्ड केव्हाच होऊन पडलेला असतो, आणि मी तो कशासाठी लावला होता तेही आठवत नाही. इथे कुठला सज्जन सहकारी? कुठली टकटक? मीच माझ्या खांद्यामागे उभी.

---

खवचटराव | मंगळवार, दुपारी २:४०

त्या दिव्यात एक ग्यानबाची मेख आहे. कीबोर्ड-माउस बघून ठरवतो ना? अर्धविराम त्यांच्या रेस कंडिशनमध्ये बुडाले होते तेव्हा हात हलत होते का? माणूस छताकडे बघत बसलेला. दिवा म्हणणार, हिरवा, या, विचारा पासवर्ड! आणि लांबलचक मेल बडवत असताना लाल. सगळ्यात खोल विचार बाहेरून आळसासारखा दिसतो, हे यंत्राला कोण शिकवणार. मॅनेजरलाही अवघडच जातं.

---

मधलीसुट्टी | मंगळवार, दुपारी २:५५

अगदी. म्हणून हाताने लाल करायची सोयही त्यात होती. पण बुडालेला माणूस बटण दाबायला थोडाच वर येतो.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी ४:१०

शिक्षणाने मानसशास्त्रवाला, पोटासाठी कोडवाला. एक शंका कोणीच कशी काढली नाही? ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये म्हटलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. मग अर्धविरामांचा अर्धवट विचार का उडाला?

माझा अंदाज सांगतो. एक तर झायगार्निकबाईंचा तो परिणाम पुढच्या प्रयोगांत काही एकसारखा आला नाही. दुसरं, लक्षात राहतं ते ‘काम राहिलंय’ हे. मजकूर नाही. कुलूप लावायचं राहिलं ही रुखरुख दिवसभर सोबत करते, किल्ली कुठे ठेवली ते मात्र आठवत नाही. तुम्हाला नेमकं तेच झालं: "काहीतरी खटकलं होतं", बस.

आणि ती रुखरुख पुढच्या कामालाही नासवते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की पहिलं काम अपुरं ठेवून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागेच चिकटून राहतो, आणि दुसरं कामही कमी प्रतीचं होतं. म्हणजे अर्धविराम, त्या दिवशी स्टँडअपमध्ये तुम्ही काय बोललात ते आठवतंय का?

---

अर्धविराम | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

"काल जे करत होतो तेच आज करतोय." असं काहीतरी. रोज तेच बोलतो म्हणा.

---

भिंतीविना | बुधवार, सकाळी १०:२०

मुळावर कोणी बोलेल का? भिंती काढल्या कोणी? ‘लोक एकमेकांशी बोलतील’ म्हणून मोकळी ऑफिसं आणली ना? बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांत भिंती काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोजमाप केलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, मेल आणि चॅट वाढले. सगळे एकमेकांना दिसतायत म्हणून सगळ्यांनी कानाला हेडफोन लावून अदृश्य व्हायचं! नवशिकीला जो चेहरा बघून परत फिरावं लागतं तो या भिंतीविना जगण्याने घडवलेला चेहरा आहे.

---

दोन्हीकडून | बुधवार, सकाळी १०:४५

भिंतीविना, सहमत, पण जागा ठरवणारा माणूस माझ्यापेक्षा चार पायऱ्या वर बसतो. आणि तो दार असलेल्या खोलीत बसतो.

---

अर्धविराम | पुढचा सोमवार, सकाळी ९:१५

धागा वर काढतोय, आठवडाभराचा वृत्तांत द्यायचा आहे.

रात्रपाळींचं वाचून एक वही ठेवली. तंद्री मोडली की एक रेघ. समोर लिहायचं ‘कोणी’. उद्देश सरळ होता: महिनाअखेर दोन्हीकडूनसारख्या कोणाच्या तरी टेबलावर ती वही आपटायची.

आता आपटणार नाही. अर्ध्याहून जास्त रेघांपुढे माझंच नाव आहे. मधलीसुट्टीताई, तुमचा चार मिनिटांचा बिल्ड माझ्याकडे सहा मिनिटांचा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, माणसांनी मोडलेल्या तंद्रीपैकी बऱ्याच मुळात तंद्री नव्हत्याच. मी रटाळ काहीतरी करत होतो आणि कोणी आलं तर मनातून आनंदच झाला. खऱ्या बुडालेल्या वेळी आलेल्या हाका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण दिवस खाल्ले ते त्यांनीच.

म्हणून लोकांना गप्प करण्याचा नाद सोडलाय. ते एक तर जमत नाही, आणि जमलं तर नवशिकीचं काय होतं ते वर वाचलंच. एकच सवय लावतोय: हाक आली की मान वर करण्याआधी एक ओळ लिहायची. "एक मिनिट" म्हणायचं आणि खरंच लिहायची. लोक थांबतात. मला वाटलं होतं रागावतील, कोणी रागावलं नाही.

पाटीपेन्सिल यांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं की यालाही आधार आहे. ग्रेग ट्रॅफ्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की सूचना मिळणं आणि प्रत्यक्ष अडवलं जाणं यांच्यात काही सेकंद मिळाले, तर माणूस परतल्यावर लवकर रुळावर येतो, कारण त्या सेकंदांत तो मनात खुणा करून ठेवतो. लरॉयबाईंनीही पुढे थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत, २०१८ मध्ये, असंच म्हटलंय: कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं हे पटकन टिपलं की लक्ष मागे कमी अडकतं.

दिवसअखेरीसाठी जुनी युक्ती: मुद्दाम एक टेस्ट नापास ठेवून घरी जायचं. सकाळी ती चालवली की यंत्रच सांगतं कुठे होतो. आणि कोणी कोडच्या भलत्याच शाखेवरचं काहीतरी तातडीने बघायला सांगितलं तर आता स्टॅश करत नाही (म्हणजे अर्धवट बदल गिटमध्ये बाजूला गुंडाळून ठेवत नाही), गिट वर्कट्रीने त्या शाखेचं वेगळं फोल्डर उघडतो. माझ्या फाइली जशा पसरलेल्या तशाच राहतात. स्टॅशमध्ये टाकलेलं मी आजवर कितीदा विसरलो ते विचारू नका.

---

नवशिकी | पुढचा सोमवार, सकाळी ९:४०

अर्धविराम सर, ती एक ओळ म्हणजे नक्की काय लिहिता? मी "लॉगिन बघणे" असं लिहिते आणि परत आल्यावर मलाच कळत नाही लॉगिनचं काय बघणे.

(आणि खवचट सर, "हाय" बंद केलं. शुक्रवारी प्रश्न पूर्ण लिहायला बसले आणि ‘काय करून पाहिलं’ लिहितानाच चूक सापडली. पाठवलाच नाही.)

---

खवचटराव | पुढचा सोमवार, सकाळी ९:४४

बघा! एका सरांची सकाळ वाचली आणि त्यांना कधी कळणारही नाही.

---

अर्धविराम | पुढचा सोमवार, सकाळी १०:१०

नवशिकी, कामाचं नाव लिहू नकोस, संशय लिही. वाक्य अर्धवट असलं तरी चालेल, व्याकरण गेलं खड्ड्यात. आणि परतल्यावर पहिलं बोट कुठे ठेवायचं ते लिही. वहीपेक्षा मी थेट कोडमध्येच लिहितो, कमेंटचं चिन्ह न लावता. त्यामुळे कंपाइल होत नाही आणि ती ओळ चुकून पुढे जात नाही. गेल्या गुरुवारची ही, जशीच्या तशी:

"रिट्राय तिसऱ्यांदा होतो तेव्हा जुनाच टोकन वापरतोय बहुतेक?? आधी २१२ वी ओळ बघ, टोकन लूपच्या बाहेर घेतलाय का. कॅशवर संशय नको, ते तपासून झालंय"

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते नसतं तर परत आल्यावर मी पहिल्यांदा कॅशच उकरत बसलो असतो.

---

नवशिकी | पुढचा सोमवार, सकाळी १०:१८

मग, टोकन लूपच्या बाहेरच होता का?

---

अर्धविराम | पुढचा सोमवार, सकाळी १०:२१

नाही, आतच होता. पण चूक २१६ व्या ओळीवर निघाली.